हवालदाराची कंबर आणि माझा पाय

मी पायाळू आहे. म्हणजे जन्माला येताना लोक डोकं आधी बाहेर काढतात, मी पाय आधी काढले. यात माझं कर्तृत्व काही नाही, सगळी मेहनत आईची. पण आमच्या भागात पायाळू माणसाला मान असतो. कुणाच्या कमरेत चमक भरली की त्याला पायाळू माणसाकडे आणतात. तो पालथा झोपतो, पायाळू माणूस त्याच्या कमरेला तीनदा टाच लावतो, आणि तो मागे न बघता घरी जातो. तीर्थपुरीच्या बाजाराला येता-जाता लोक माझ्या दारात थांबायचे आणि लाथ खाऊन जायचे. (लाथ म्हणायची पद्धत आहे. खरं तर नुसती टेकवायची असते. पण काही माणसांना मी खरोखरची मारली आहे, आणि ती जास्त लवकर बरी झाली.)

माझं शिक्षण चौथी. तरी या पायाखालून दोन सरपंच, एक हेडमास्तर आणि एक पोलीसपाटील गेलेला आहे.

एकच कंबर राहिली होती, आणि ती माझ्याच घरात होती.

आमचे मालक फौजेत होते. हवालदार होऊन निवृत्त झाले, म्हणून गाव त्यांना हवालदार म्हणतं आणि मीही म्हणते. बर्फाच्या डोंगरात पाठीवर ओझी वाहून आणि चिखलात रुतलेल्या गाड्या ढकलून त्यांच्या कमरेतला मणका जागचा हलला. बाकीचे फौजी येताना रेडिओ आणायचे, स्वेटर आणायचे. हे कंबर घेऊन आले.

पण दुखतं, असं हा माणूस कधी म्हणाला नाही. फौजेत म्हणे जो सारखा आजाऱ्यांच्या रांगेत उभा राहतो त्याला बाकीचे कामचोर समजतात. ते यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. चप्पल घालायला भिंत धरावी लागायची. मी विचारायचे, दुखतंय का? "ठीक आहे." पाटावरून उठताना ओठ पांढरे पडायचे. "ठीक आहे." एकदा तर न्हाणीत अडकून अर्धा तास तसेच उभे होते. मी बाहेरून विचारलं, आवो, काय झालं? आतून आवाज आला, "ठीक आहे. टॉवेल दे, आणि आत येऊन तूच गुंडाळ."

मग मी त्यांना लाथ का मारली नाही, असं कुणीही विचारील. दोन कारणं. एक म्हणजे त्यांचा विश्वास नव्हता. लाथेनं मणका जागेवर येत असता तर फौजेत डॉक्टर कशाला ठेवले असते, गाढवं ठेवली असती, असं ते म्हणायचे. आणि हे माझे पेशंट दारात बसलेले असताना म्हणायचे. दुसरं कारण सासूबाई. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, की गावाला खुशाल लाथा मार, पण माझ्या लेकाला तुझा पाय लागता कामा नये. चुकून लागलाच तर त्याच पावली त्याच्या पाया पडायचं. सासूबाई जाऊन वीस वर्षं झाली. ताकीद अजून घरात आहे.

आता बागेचं सांगते, कारण सगळा घोळ तिच्यापायी झाला. फौजेतून आल्यावर हवालदारांनी मोसंबी लावली. गावापासून बागेपर्यंत विजेचे सव्वीस खांब आहेत. मोटरसायकलवर कमरेला हादरे बसतात म्हणून ते रोज सकाळी पायी जायचे, झाडांच्या रांगांमधून फिरायचे, एखाद्या झाडाचा पाला हातात घेऊन बघायचे आणि परत यायचे. त्या बागेत ते जितके बोलले तितके माझ्याशी बोलले नाहीत. (मी मोजलेलं नाही. पण झाडं उलटून बोलत नाहीत, हा त्यांचा फायदा होता.) शेजारच्या वावराचा बबन दर वर्षी विचारायचा, "दादा, बटईनं देता का बाग? निम्मं तुमचं, निम्मं माझं." हवालदार म्हणायचे, ज्या दिवशी मला पायी जाता येणार न्हाई त्या दिवशी विचार.

गेल्या श्रावणात तो दिवस आला. सकाळी अंगणात हवालदार शिंकले, आणि तसेच राहिले. म्हणजे शिंकताना माणूस जितका वाकतो तितके वाकले आणि वर आलेच नाहीत. आम्ही त्यांना त्याच आकारात उचलून खाटेवर ठेवलं. आठ दिवस झाले तरी खाट सुटेना. गोळ्या झाल्या, शेक झाला, तेल झालं. मग पुण्याहून आमच्या सुधाकरचा फोन आला. सुधाकर आमचा मुलगा, कंपनीत आहे, बोलतो कमी आणि ठरवतो जास्त. त्यानं सांगितलं, दादांना आता झेपत नाही, बाग बबनला बटईनं देऊन टाकू.

हवालदारांनी ऐकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. जेवले नाहीत. दुपारी मी भांडी घासून आत आले तर म्हणाले, "दार लाव."

"कशाला?"

"लाव. वरची कडी घाल."

माझं वय अडुसष्ट. या वयात नवऱ्यानं भरदुपारी कडी घालायला सांगितली की बाईला आधी त्याच्या तब्येतीची काळजी वाटते. मी कडी घातली. ते भिंतीशीच बोलले, "मार."

"काय मारू?"

"गावाला मारतीस ते मार. अन् कुणाला सांगू नको."

चाळीस वर्षं ज्या लाथेला गाढवाची म्हणाले तीच मागत होते. मला आनंद व्हायला पाहिजे होता, आणि झालाही. मी त्यांना खाली सतरंजीवर पालथं झोपवलं, पदर खोचला, दाराची चौकट धरली आणि उजवी टाच त्यांच्या कमरेवर टेकवली. एक.

आणि सासूबाई आठवल्या.

पाय लागला म्हणजे पाया पडायलाच पाहिजे. मी चौकट सोडून त्यांच्या पायांकडे गेले. माझे गुडघेही माझ्याच वयाचे आहेत. कशीबशी वाकले, नमस्कार केला, उठले, परत डोक्याकडे येऊन चौकट धरली. हवालदार म्हणाले, "कुठं गेल्ती?"

"पाया पडाया."

"लाथ मारून पाया पडतीस?"

"तुमच्या आईनं सांगितलंय."

आईपुढे हवालदार बिलकुल बोलत नाहीत. मी दुसरी टाच लावली. दोन. परत पायांकडे गेले, वाकले, नमस्कार, उठले. आता मला दम लागला होता. तिसरी टाच जरा जोरात बसली. तीन. मग परत पायांकडे जायला नको, अंतर वाचवू, म्हणून मी जागेवरूनच हात लांब करून वाकले.

माझ्या कमरेत काहीतरी कटकन वाजलं, आणि मी हवालदारांवर आडवी पडले.

सरपणाची मोळी टाकावी तशी पडले. माझं पोट त्यांच्या कमरेवर, डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला.

"ऊठ," हवालदार म्हणाले.

"उठता येत न्हाई."

"का?"

"चमक भरली."

"कुणाला?"

"मला."

ते विचारात पडले. खालून त्यांचा श्वास मला पोटात जाणवत होता. मग म्हणाले, "आता तुला कोण लाथ मारणार?" हा प्रश्न बराबर होता. पंचक्रोशीत दुसरं पायाळू कुणी नव्हतं. मी हातानं सतरंजी ओढून पाहिली, कुशीवर वळून पाहिलं. जरा हललं की दोघंही विव्हळायचो. कडी वर, आम्ही खाली.

आणि तेव्हा हवालदार म्हणाले, "दुखून राह्यलंय."

मला वाटलं माझ्या वजनाचं बोलतात. तसं नव्हतं. सतरंजीत तोंड खुपसून ते सांगत होते. दुखतंय. लई दुखतंय. फौजेत होतो तेव्हापासून दुखतंय. सकाळी पाय खाटेवरून खाली ठेवायची भीती वाटती. आता बाग गेली म्हणजे सकाळी उठायचं तरी कशासाठी.

अशा वेळी चांगली बायको काहीतरी मायेचं बोलली असती. मी म्हणाले, "मंग इतकी वर्षं तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती?" पण माझे डोळे भरून आले होते. (चमकेमुळे. बरंचसं चमकेमुळे.)

एवढ्यात शेजारची कौसाबाई विरजण मागायला आली. तिनं दार ढकललं, ते बंद. आतून कण्हण्याचा आवाज, तोही दोघांचा. तिनं खिडकीतून डोकावलं. तिला दिसलं ते एवढंच, की हवालदार पालथे पडलेत आणि बायको त्यांच्यावर. मी तिला सांगायला तोंड उघडलं, पण कौसाबाई पुरी गोष्ट ऐकायला कधी थांबलेली नाही. तिनं चौकात जाऊन सांगितलं, की फौजीनबाई हवालदाराला आत कोंडून मारून राह्यली.

गाव आलं. पोरं खिडकीत, बाया दारात. माझ्याकडे लाथ खायला घनसावंगीहून आलेला एक माणूसही त्या गर्दीत होता. त्यानं खिडकीतून पाहिलं आणि तो ताठ कमरेनं झपाझप चालत परत गेला. त्याची चमक भीतीनंच पळाली, असं नंतर कळलं. ती माझी शेवटची यशस्वी केस.

पहार घेऊन बबन आला. त्यानं कडी उचकटली. चार जणांनी मला उचललं, आणि मी ज्या आकारात पडले होते त्याच आकारात वर आले. मला बाजेवर ठेवलं, यांना खाटेवर. बबन दोघांच्या मधे उभा राहिला. भला माणूस आहे, हसला नाही. बाहेर जाऊन त्यानं सुधाकरला फोन केला आणि मग हसला. ते मला आतपर्यंत ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सुधाकर आला. बॅग खाली न ठेवताच त्यानं दोन्ही खाटांकडे बघितलं. म्हणाला, आता बोलायचं काही उरलं नाही, दिवाळीपासून बाग बबनकडं. मी कूस बदलायच्या गडबडीत होते, तेवढ्यात हवालदार कोपरावर उठले. उठताना ओरडले. पहिल्यांदाच.

"दिवाळीपर्यंत टाइम दे," म्हणाले. "घरापासून बागेपर्यंत पायी जाऊन दाखवतो. गाडी न्हाई, कुणाचा हात न्हाई. रस्त्यात बसलो तर बाग बबनची."

सुधाकर म्हणाला, "मंग दादा, डॉक्टरकडं चलायचं. अन् तिथं 'ठीक आहे' म्हणायचं न्हाई."

घनसावंगीला मंगळवारी जालन्याहून व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण येते. सबा तिचं नाव, आमच्या नातीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. जीपच्या पुढच्या सीटवर आम्ही दोघं ताठ बसून गेलो, खड्डा आला की एकदमच ओरडायचो. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवायचा सोडून दिला.

सबानं हवालदारांना विचारलं, "बाबाजी, दहापैकी किती दुखतं?"

"ठीक आहे."

"ठीक आहे हा नंबर न्हाई."

हवालदारांनी सुधाकरकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग जमिनीकडे. "आठ," म्हणाले.

मी इतकी वर्षं सहा धरून चालले होते.

सबानं एक्स-रेचे फोटो बघितले, पाठीवर बोटं दाबली आणि खरं ते सांगून टाकलं. मणका पहिल्यासारखा होणार नाही. दर्द पुरा जाईल असंही ती म्हणणार नाही. पण पोटाचे आणि कमरेचे स्नायू तयार केले तर ते मणक्याला धरून ठेवतील, आणि रोज थोडं थोडं वाढवत चाललं तर बागेपर्यंत जाता येईल. वाकून मोसंबीचं क्रेट उचलायचं कायमचं बंद. फौजेत असताना जड काय काय उचललं, ते तिनं सगळं विचारून घेतलं. हवालदार सांगत होते, ती लिहीत होती. त्यांना कामचोर म्हणालं नाही कुणी. घरी येईपर्यंत त्यांचा चेहरा जरा सैल झाला होता.

जाता जाता ती मला म्हणाली, "अम्मा, आता कुणाच्या कमरेवर पाय ठेवायचा न्हाई."

"ठेवला तर?"

"काढता येणार न्हाई."

व्यायाम दोघांनाही तेच दिले. उताणं झोपून गुडघे उभे करायचे आणि कंबर वर उचलायची. मग ओणवं होऊन मांजरासारखी पाठ फुगवायची. मी मांजर पाळलेलं आहे, मांजर व्हायची कधी वेळ आली नव्हती. पण हवालदारांना व्यायाम म्हटल्यावर परेड आठवली. सकाळी साडेपाचला ते हाक मारायचे, "पलटन, तय्यार?" पलटन म्हणजे मी. सतरंज्या अंथरायच्या, त्यांनी आकडे म्हणायचे, मी कंबर उचलायची. ते दहा मोजायचे तर खरोखर दहा मोजायचे. त्यांचं तोंड छताकडे असायचं, म्हणून मी तीननंतर खाली ठेवायचे आणि नुसती कण्हत राहायचे. कण्हणं मला चांगलं जमतं. महिनाभर त्यांना शंका आली नाही. उलट एकदा कौसाबाईला सांगत होते, की ही मेहनतीची आहे.

व्यायाम झाला की मी विचारायचे, "हवालदार, रिपोर्ट." ते सांगायचे, सात. कधी सहा. पाऊस लागला की परत आठ. एकदा म्हणाले, "पाच, पण मन तीन." असा आकडा सबानं सांगितला नव्हता, तरी मी लिहून ठेवला.

मग चालणं सुरू झालं. पहिल्या दिवशी पहिला खांब. तिथं उभं राहून ते असे बघत होते, की जणू सरहद्द आली. आठवड्यानं चौथा. गणपतीत नववा. नवव्यापाशी एकदा कंबर धरली आणि त्यांना परत यायला पाऊण तास लागला. दोन दिवस भिंतीकडे तोंड. बबन येऊन बसला आणि म्हणाला, "राहू द्या दादा, बाग कुठं पळून जाती. मी बराबर सांभाळतो." त्याला वाटलं तो धीर देतोय. तिसऱ्या दिवशी साडेपाचला हाक आली, "पलटन." आम्ही परत पहिल्या खांबापासून सुरुवात केली. दसऱ्याला सोळा. त्यानंतर मी चालायला जाणं बंद केलं, कारण मला घरात कामं असतात. (काही असतात. काही मी काढली.)

दिवाळीला सुधाकर आला. पाडव्याच्या सकाळी हवालदारांनी दाढी केली, पट्टा आवळला, कडक शर्ट घातला आणि अंगणात उभे राहिले. सुधाकर बरोबर, बबन मोटरसायकल हातानं ढकलत मागे. हवालदार बसले तर त्यांना आणायला गाडी असावी, असं त्याचं म्हणणं. मला घरी राहा म्हणाले. मी म्हणाले, व्यायाम मीही केलाय.

दहाव्या खांबापर्यंत मी त्यांच्या बरोबरीनं होते. मग जरा मागे पडले. हवालदार हळू चालत होते, पण एका चालीनं. तीन खांब झाले की उभे राहायचे, हात कमरेवर, श्वास, परत पाऊल. सुधाकरनं एकदा हात पुढे केला, तो त्यांनी पाहिलाही नाही. चौदाव्या खांबापाशी ओढ्यावरचा पूल आहे. तिथं माझी कंबर म्हणाली, तीननंतर ठेवून दिलेलं सगळं आता मोज. मी पुलाच्या कठड्यावर बसले.

मी हाक मारली नाही. एक तर दम नव्हता, आणि दुसरं म्हणजे ते मागे वळले असते तर चाल मोडली असती. मी तिथूनच बघत राहिले. पांढरा शर्ट लहान लहान होत गेला. विसाव्या खांबापाशी बराच वेळ थांबला. मग हलला. एकवीस. बावीस. पुढं मोसंबीच्या हिरव्या रांगेत शिरला आणि दिसेनासा झाला.

थोड्या वेळानं बबन मला न्यायला आला. दादा पोचले, म्हणाला, आणि गाडी उभी केली. मला बसता येईना. ओढ्याशी कपडे धुणाऱ्या दोन बाया वर आल्या, त्यांनी मला मागे ठेवलं. गाडीवरून मी बागेपर्यंत कशी गेले ते सांगत नाही. बबननं गाडी चालवली कमी, माझं ओरडणं ऐकलं जास्त.

हवालदार झाडाखाली उभे होते. उभे, बसलेले नाही. एका हातात फांदी धरली होती आणि पान उलटं करून बघत होते. घाम गळत होता. मी विचारलं, "रिपोर्ट?"

"सहा," म्हणाले. "पन बसलो न्हाई."

सुधाकर म्हणाला, "बबनभाऊ, बाग काही द्यायची न्हाई. दादाच बघतील."

बबननं मान हलवली. खरं तर त्यालाही बरं वाटलं असावं. मला गाडीवरून उतरवून त्यांनी बांधावर टेकवलं, तशी मी तिथंच कलंडले. सुधाकरनं एकदा बापाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि डोकं खाजवत म्हणाला, "आमच्या मायला मात्र बटईनं द्यावं लागंन कुणाला तरी. बबनभाऊ, घेता का? निम्मं काम तुमचं, निम्मं आमचं."

बबननं दोन्ही हात जोडले. म्हणाला, "बाग असती तर घेतली असती. हे आपल्याला झेपायचं न्हाई."

हवालदार हसले. कंबर धरून हसले, आणि हसताना दुखतंय असंही म्हणाले. मीही दोन शब्द सुनावणार होते, पण त्यासाठी आधी कुणीतरी मला उठवून बसवायला पाहिजे होतं.